चारआईना, शिरस्त्राण, ढाल फोममधून: जोड सुटतायत, रंग तडकतोय

गोदाकाठची_योद्धी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुंबईला कॉस्प्लेसाठी, म्हणजे पात्राचा पूर्ण वेश करून, जायचं आहे. पात्र स्वतःच रचलेलं आहे, सतराव्या शतकातल्या घोडेस्वारावर बेतलेली योद्धी. कुठल्या चित्रपटातलं किंवा गेममधलं नाही, म्हणून तयार नमुने मिळत नाहीत. अंगावर चारआईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन बगला असे चार पत्रे. हातांना दस्ताने, डोक्याला शिरस्त्राण आणि त्याच्या मागे मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. पाठीवर ढाल, उजव्या हातात दांडपट्टा.

छाती-पाठीसाठी जमिनीवर अंथरतात त्या कोड्याच्या चटया घेतल्या आहेत, १० मिमी जाडीच्या. दस्तान्यांना ५ मिमीची पांढरी शीट, पॅकिंगचं सामान मिळतं तिथून. गोंद फेव्हिकॉल एसआर ९९८. हीट गन १८०० वॅटची. रंगाआधी पांढऱ्या फेव्हिकॉलचे दोन हात, त्यावर चंदेरी स्प्रे.

अडचणी अशा:

१. छातीचे जोड दोन दिवसांत उघडतात. दस्तान्यांना तर गोंद धरतच नाही, सालीसारखा निघून येतो.
२. स्प्रे चार दिवसांनीही चिकट लागतो. जिथे सुकला तिथे वाकवल्यावर तडकतो.
३. अंगाच्या मापाने कापलेला पत्रा गुंडाळला की आखूड पडतो.
४. शिरस्त्राणाचा घुमट कसा कापायचा? आणि ढालीची खोलगट गोलाई?
५. खऱ्या कड्यांची जाळी मानेला किती जड होईल?

नाशकात सध्या झड लागली आहे, ऊन नाहीच. त्याचा यात काही हात आहे का?

---

फोम_सातपूर

आधी दस्ताने, कारण तिथे दोष तुमच्या हाताचा नाही, मालाचा आहे. ती पांढरी शीट ईव्हीए (चपला-बुटांना लागतो तो रबरासारखा फोम) नाही, ईपीई आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात कोपऱ्यांना लावतात तीच. ओळखायची खूण सोपी आहे. ईपीईमधले बुडबुडे डोळ्यांना दिसतात आणि घडी घातली की पांढरी सुरकुती कायमची राहते. ईव्हीए रबरासारखं लागतं, दाबून सोडलं की परत फुगतं, कापलेली कड एकजीव दिसते. ईपीई हे पॉलिएथिलीन. त्याच्या पृष्ठभागावर गोंदही बसत नाही, रंगही बसत नाही. फेकू मात्र नका, शिरस्त्राणाच्या आत किंवा ढाल बांधून नेताना भरणीला कामी येईल.

ईव्हीएसाठी चपला-बुटांचं कच्चं सामान विकणारं दुकान गाठा. मेन रोडपासून भद्रकालीपर्यंतच्या पट्ट्यात मोच्यांनाच विचारा, ते शीट कुठून आणतात ते सांगतील. मागताना ‘तळव्याची नको, मऊ ईव्हीए शीट द्या’ असं सांगायचं. तळव्याची शीट कडक असते, कटरने नीट कापली जात नाही. २ मिमीच्या रंगीत शीट स्टेशनरीत मिळतात, त्या नक्षीला पुरतात. योगा मॅट घेऊ नका. बऱ्याचशा पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसी तापवलं की निघणारा धूर छातीला घातक असतो.

चटया कितपत घट्ट आहेत ते वजनावरून कळतं. ३० × ३० सेंमीचा १० मिमी तुकडा म्हणजे ९०० घन सेंमी. चिलखताला चांगला मानतात तो फोम घनमीटरला १०० किलोच्या आसपास असतो, म्हणजे हा तुकडा ९० ग्रॅम भरायला हवा. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून बघा. ४०-५० ग्रॅम भरला तर तो पोकळ आहे, बोट दाबलं की खड्डा राहील, कडाही तासता येणार नाहीत.

आता जोड. एसआर ९९८ हा दोन्हीकडे लावून, सुकवून मग भिडवायचा गोंद आहे. ओला असताना भिडवला तर थिनर आत कोंडतो. वरून जोड बसल्यासारखा दिसतो, आत मात्र तो मऊच असतो, आणि दोन दिवसांत फोम स्वतःच्या ताणाने उघडतो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

कापलेल्या कडेवर पहिला हात पातळ लावा आणि पूर्ण सुकू द्या. कापलेली कड सच्छिद्र असते, पहिला हात ती पिऊन टाकते. मग दुसरा पातळ हात. आता १०-१५ मिनिटं थांबा आणि बोटाची मागची बाजू टेकवून बघा. बोट चिकटलं नाही, तार ओढली गेली नाही, की वेळ झाली. आधी दोन्ही टोकं जुळवा, मग मध्य, मग मधले भाग. एका टोकाकडून सुरुवात केली तर शेवटी एका बाजूला बोटभर फोम उरतो. एकदा भिडलं की सरकत नाही, म्हणून दर ५ सेंमीवर पेनाने आडवी खूण दोन्ही तुकड्यांवर आधीच करून ठेवा. भिडवल्यावर मिनिटभर अंगठ्याने जोर देऊन दाबत जायचं आणि २४ तास ताण द्यायचा नाही.

झडीबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. गोंदावर दुधाळ साय दिसली तर ती हीच. त्या सायीवर जोडू नका, पूर्ण सुकवून वर आणखी एक पातळ हात द्या. पंख्याचा झोत थेट तुकड्यावर नको, त्याने साय वाढतेच. दुपारी १२ ते ४ मध्ये काम करा.

आणखी एक चूक पुष्कळांची होते. आधी चिकटवतात आणि मग हीट गनने आकार देतात. उष्णतेने हा गोंद पुन्हा मऊ होतो आणि जोड तोंड उघडतो. क्रम असा ठेवा: कापणं, तासणं, तापवून आकार, मग गोंद. तापवताना गन १०-१५ सेंमीवर धरून सतत फिरती ठेवा. निस्तेज पृष्ठभाग किंचित तकाकी धरतो, त्या क्षणी पुढे सरका. तिथेच रेंगाळलात तर फोड येतात आणि तुकडा आकसतो, मग माप गेलं. तापवलेल्या तकतकीत भागावर दुसरा तुकडा बसवायचा असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढी जागा खरडा आणि भुकटी पुसून घ्या. भुकटीवर लावलेला गोंद भुकटीलाच चिकटतो.

कटरचं पातं दर हातभर कापणीनंतर एक खाच मोडा. बोथट पातं फोम फाडतं, कड दातेरी होते आणि दातेरी कड कधीच नीट भिडत नाही. पातं उभं काटकोनात, एका ओढीत. १० मिमीला दोन ओढी, पहिली अर्ध्या खोलीची.

हे काळजीपूर्वक वाचा: एसआरचा थिनर पेट घेतो. त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, गॅसचा गिझर काहीही पेटतं नको, आणि गोंद ओला असताना हीट गन नको. खिडक्या उघड्या. कापडी मास्क किंवा एन ९५ थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला मास्क लागतो. एन ९५ तासताना भुकटीसाठी वापरा.

---

रंगपेटी

रंग चिकट राहण्याचं कारण खाली आहे. पांढरा फेव्हिकॉल वरून सुकला तरी या हवेत आत ओला राहतो. त्यावर स्प्रे मारला की स्प्रेचा थर झाकणासारखा बसतो, खालचं पाणी निघत नाही आणि वरचा थिनर खाली मुरतो. शिवाय साधा पांढरा फेव्हिकॉल ओल लागली की पुन्हा मऊ होतो, घामानेसुद्धा. पाणी सोसणारा फेव्हिकॉल मरीन घ्या.

२ भाग गोंद, १ भाग पाणी, मऊ रुंद ब्रशने चार पातळ हात. पहिला आडवा, दुसरा उभा, असे आलटून पालटून. झडीत दोन हातांमध्ये किमान ६ तास आणि शेवटच्या हातानंतर पूर्ण २४ तास. नख दाबून खूण उमटली नाही तरच पुढे जायचं.

त्यावर काळा अ‍ॅक्रिलिक, ब्रशने किंवा स्पंजने. लोखंडाचा भास चंदेरी रंगाने येत नाही, काळ्याने येतो. काळा पूर्ण सुकल्यावर चपट्या ब्रशला चंदेरी अ‍ॅक्रिलिक लावा, कागदावर ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त कडांवर, नक्षीच्या उंचवट्यांवर हलके फिरवा. सपाट भागाला स्पंजने टिपून घ्या, ओढू नका. मग काळा आणि गडद तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवून खाचांमध्ये सोडा आणि अर्ध्या मिनिटात ओल्या फडक्याने वरचा पुसून घ्या. खाचेत राहिलेला मळ बघणाऱ्याच्या नजरेला ‘हे वापरलेलं आहे’ असं सांगतो.

तडकण्याचं कारण जाडी. फोम वाकतो, जाड कडक थर वाकत नाही. पातळ हात दिले तर फरक पडतो, पण कोपराजवळ किंवा बगलेत जिथे रोज वाकणार तिथे कुठलाच रंग टिकत नाही. तिथे पत्राच तोडायचा. दस्ताना कोपराच्या खालीच संपवा, वर वेगळा तुकडा करून दोघांमध्ये कापडी पट्टा द्या. खऱ्या चिलखतातही वाकायची जागा पत्र्याला नसते, कड्यांच्या जाळीला असते.

शेवटी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निश. निस्तेज वार्निश चंदेरीची झळाळी मारतं, म्हणून धातूच्या भागांना सॅटिन आणि चामड्यासारख्या पट्ट्यांना निस्तेज.

नक्षीसाठी एक सुचवते. मेंदीचा कोन करा आणि त्यात बांधकामाच्या दुकानातलं पांढरं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा. टोक १ मिमी कापायचं. कोयरी, वेल, ठिपक्यांची रांग, मेंदी काढतो तशीच काढता येते. दिवसभर सुकलं की रबरासारखं वाकतं, तडकत नाही आणि त्यावर रंग बसतो. जोडांच्या फटीही याच सीलंटने भरा आणि ओल्या बोटाने सपाट करा. घेताना नळीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलंय ते नीट बघा. शेजारीच सिलिकॉनच्या नळ्या असतात. सिलिकॉनवर रंग धरत नाही, एकदा लागलं की तो भाग कापूनच टाकावा लागतो.

---

मापपट्टी

माप आखूड पडतं ते जाडीमुळे. अंगाभोवती टेप धरतो तेव्हा टेपला जाडी नसते. फोम गोल वळला की आतली बाजू दबते, बाहेरची ताणते आणि आतला घेर कापलेल्या लांबीपेक्षा कमी भरतो. पूर्ण वर्तुळाला किती कमी? जाडी गुणिले ३.१४. १० मिमीला साधारण ३१ मिमी, ६ मिमीला १९, ५ मिमीला १६. अर्धाच घेर झाकणाऱ्या पत्र्याला याच्या निम्मं वाढवा. आतल्या अंगरख्याचं माप यात धरलेलं नाही, म्हणून टेप अंगरखा घालूनच धरा.

चारआईन्याला १० मिमी जाड आहे. खरा पत्रा पातळ असतो, आणि फोमची जाड कड दिसली की चटईचा भास होतो. ६ मिमी घ्या आणि बाहेरच्या कडा ४५ अंशांत तिरप्या कापा. नजरेला कडेचं टोक तेवढं दिसतं.

छातीचा आकार काढायला जुना टी-शर्ट घालून त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेपचे दोन थर. पत्र्याची रेघ, मधली उभी रेघ आणि जुळणीच्या खुणा अंगावरच काढून घ्या, मग मागून कापून सोडवा. सपाट होत नसेल तिथे चीर द्या. उघडलेली चीर म्हणजेच तुमचा जोड. अर्धाच आकार वापरा आणि उलटा करून दुसरी बाजू काढा, कारण शरीर दोन्हीकडे सारखं नसतं, चिलखत मात्र सारखं दिसायला हवं.

घुमटाला आठ पाकळ्या. डोक्याचा घेर ५७ सेंमी धरतो. आत ८ मिमीची गादी येणार, तिचे ५ सेंमी. फोम ५ मिमीचा, त्याचे दीड सेंमी. एकूण ६४ सेंमी, म्हणजे प्रत्येक पाकळी तळाशी ८ सेंमी. उंची घेराच्या चौथा भाग, १६ सेंमी. मधली उभी रेघ काढून तळापासून रुंदी मांडा: ० वर ८ सेंमी, ५.३ वर ६.९, ८ वर ५.७, १०.७ वर ४, आणि १६ वर शून्य. बिंदू हाताने गोलाईत जोडा, सरळ रेघांनी नको, नाहीतर घुमटाऐवजी तंबू होतो. टोकदार शिरस्त्राण हवं असेल तर उंची १८ करा आणि शेवटचे ४ सेंमी अधिक निमुळते.

आधी दोन-दोन जोडून चार जोड्या करा, मग दोन अर्धे घुमट, शेवटी एकच लांब जोड. सगळ्या पाकळ्या एकाच दिशेने जोडत गेलात तर शेवटची बसत नाही. डोकं गोल नसतं, पुढून मागे लांबट असतं. म्हणून तळाची कड तापवा आणि दोन्ही कानांकडून दाबून गार होईपर्यंत धरा. जोडांवर २ मिमी फोमच्या १ सेंमी रुंद पट्ट्या आणि तळाला ३ सेंमीचा पट्टा. जोड झाकले जातात आणि सांध्यावर रिव्हेट ठोकल्यासारखं दिसतं. रिव्हेटला भरतकामाच्या दुकानातले चपट्या पाठीचे अर्धगोल मणी.

ढालीसाठी २५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ कापा. मध्यापासून कडेपर्यंत १० अंशांची फोड काढा, कडेवर ती ४.४ सेंमी रुंद येते. दोन कडा भिडवल्या की जवळजवळ ४९ सेंमी व्यासाची, ६ सेंमी खोल ढाल मिळते. मधलं टोक टोपीसारखं दिसेल. ते तापवा, पालथ्या कढईवर ठेवा आणि ओल्या टॉवेलने दाबून गार करा. हातमोजे घाला. इथे गोंद लावल्यानंतर तापवणं भाग आहे, म्हणून जोड किमान २४ तास मुरू द्या आणि फक्त टोकाचा भाग तापवा.

---

तांबटआळी

ढालीवरच्या चार फुल्या, म्हणजे वर आलेले गोल उंचवटे, फोमच्या करू नका. खऱ्या ढालीत मागच्या मुठीच्या कड्यांचे रिव्हेट त्या फुल्यांखाली असतात, म्हणजे त्या कामाच्या असतात. नाशकात भांडी बाजार असताना फोम कशाला? गोल बुडाच्या छोट्या पितळी वाट्या घ्या, पूजेच्या असतात तशा. घेताना चारांचं वजन करून पाव किलोच्या आत ठेवा. बुडाला मध्यभागी ४ मिमीचं भोक, त्यातून ४ मिमीचा घुमटी डोक्याचा बोल्ट. वाटी ढालीवर पालथी. फोमच्या मागे ३ मिमी प्लायचा वाटीएवढा तुकडा, मोठा वायसर आणि नट. मागचे हाताचे पट्टे याच बोल्टांत अडकवा. सगळा ताण प्लायवर येतो आणि फोम फाटत नाही. नट अति आवळला तर फोम दबून ढालीला खळगा पडतो. वायसर टेकला की अर्धा फेरा, बस.

पितळ चकचकीत ठेवायचं असेल तर चिंचेने घासा, कोरडं करा आणि लगेच वार्निश द्या. बोटांचे ठसे राहिले तर आठवड्यात काळे डाग येतात.

शिरस्त्राणाला फोमच हवा असं नाही. डोक्याहून थोडं मोठं मडकं पालथं घालून त्यावर प्लास्टिक पसरा आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून ७ थर द्या. कडक, हलकं शिरस्त्राण होतं, आणि त्यावर रंग फोमपेक्षा छान बसतो.

---

मापपट्टी

कागदाचं शिरस्त्राण मलाही पटतं, पण आत्ता नको. या हवेत एकेक थर सुकायला दोन दिवस जातात आणि आतून बुरशी धरते. दसऱ्यानंतर ऊन पडलं की करा. तोपर्यंत फोमचा घुमट करून ठेवा, आवडला नाही तर त्याच्यावरच कागद चढवता येतो.

---

धावदोरा

जाळीबद्दल. धातूची करायची तर लोखंड नको, अ‍ॅल्युमिनियम. वजन जवळपास एक तृतीयांश भरतं. १.६ मिमीची तार ८ मिमी जाडीच्या सळईवर गुंडाळून कड्या कापायच्या आणि प्रत्येक कडीतून चार कड्या. दोन पकडी लागतात. कडीची तोंडं बरोबर समोरासमोर भिडली पाहिजेत, केसभर फट राहिली तरी तिच्यात केस अडकून उपटतात. हातांना काळं लागतं, म्हणून घालण्याआधी साबणाच्या पाण्यात खळबळून धुवा. पूर्ण करायच्या आधी १० × १० सेंमीचा तुकडा विणून तोला आणि त्यावरून हिशोब करा.

माझं मत मात्र विणकामाच्या बाजूने आहे. नाटकवाले पूर्वापार हेच करतात, दोन पावलांवरून जाळी खरी वाटते आणि वजन लोकरीएवढंच. काळी जाड लोकर किंवा सुती दोरी, ८ मिमीच्या सुया, प्रत्येक ओळ सुलट. कानापासून मागून दुसऱ्या कानापर्यंत ४२ सेंमी रुंदी लागेल. १० टाक्यांचा नमुना विणून मोजा. तो १२ सेंमी भरला तर ३५ टाके घाला. लांबी २० सेंमी हवी असेल तर १८वर थांबा, लोंबल्यावर ती ओघळतेच. टोकाला दर तिसऱ्या ओळीत दोन्हीकडून एकेक टाका कमी केला की खाली निमुळती होते. रंग मात्र पाजू नका. चंदेरीने जवळजवळ कोरडा ब्रश वरच्यावर फिरवायचा, खाली काळं राहू द्यायचं. भिजवून रंगवलेली जाळी पुठ्ठ्यासारखी कडक होते, मान वळवली की मागे उभीच राहते.

आता सगळ्यात दुर्लक्ष होतं त्या गोष्टीकडे, पट्टे. फोमला सरळ चिकटवलेलं वेल्क्रो उकलतंच, कारण आपण ते कडेकडून सोलतो आणि सगळा जोर रेघभर गोंदावर येतो. २५ मिमीची नायलॉन नवार घ्या, वेल्क्रो किंवा टिचबटण नवारीवर शिवा, आणि नवारीचं टोक पत्र्याच्या आत ८ सेंमी लांब चिकटवा. त्यावर मांजरपाटाचा तळहाताएवढा तुकडा गोंदाने बसवा. ताण पसरतो. टिचबटण फोममध्येच ठोकलं तर दुसऱ्या दिवशी फोमचा गोल तुकडा बटणाला लागून हातात येतो.

छाती आणि पाठ खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांनी जोडा, म्हणजे वजन खांद्यावर जातं. बगलेचा पत्रा दोन पट्ट्यांनी छातीला, दोन पाठीला. उजव्या बगलेचे चारही पट्टे कायमचे शिवून टाका, डाव्या बाजूला बॅगेच्या क्लिपा. उजव्या हाताने एकटीला घालता-काढता येतं. पत्र्यांमध्ये अडीच सेंमी मोकळं ठेवा, नाहीतर दीर्घ श्वास घेतला की क्लिप सुटते. पत्र्याची खालची कड कमरेच्या हाडाच्या तीन बोटं वर संपवा. खुर्चीत बसून बघा. कड लांब असेल तर बसताच छातीचा पत्रा वर सरकून हनुवटीला लागतो.

आतला अंगरखा गोधडीसारखा शिवा. वर जाड सुती, खाली मांजरपाट, मध्ये जुन्या धोतराचा किंवा साडीचा एकच थर, आणि दोन-दोन बोटांवर उभा धावदोरा. कापूस भरू नका. फोममधून हवा जात नाही, मुंबईच्या दमट हॉलमध्ये घाम शोषायला काहीतरी लागतं, पण कापूस भिजला की दिवसभर ओझं. काखेत कापड जोडूच नका, तिथे हात मोकळा फिरतो आणि वाराही येतो.

---

गोदाकाठची_योद्धी

मनापासून आभार सगळ्यांचे. चटईचा तुकडा तोलला, ५२ ग्रॅम भरला, म्हणजे फोम बदलावाच लागणार. दांडपट्ट्याचं पातं किती लांब ठेवू? आणि हे सगळं पंचवटी एक्स्प्रेसने न्यायचं आहे, ते कसं बांधू?

---

फोम_सातपूर

पातं ८० सेंमी पुरे, गर्दीत त्याहून लांब पातं फिरवता येत नाही. ५ मिमीचे दोन थर आणि मध्ये बांबूची कामटी, पतंगाला लागते तीच पण १ सेंमी रुंद आणि गाठी तासलेली. कामटी टोकाच्या ५ सेंमी अलीकडेच संपवा, म्हणजे टोक नुसत्या फोमचं राहतं आणि कोणाला लागलं तरी वाकतं. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, लोक तो हातात मागणारच. लोखंडी सळई किंवा पत्र्याचं पातं बहुतेक ठिकाणी दारातच अडवतात, आयोजकांचे नियम आधी वाचा. खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या पोकळ मुठीच्या, आत धरायचा दांडा आडवा द्या, आणि मनगटाच्या वर एक नवारीचा पट्टा. खोबळा नुसता मुठीवर पेलला तर पातं खाली झुकतं आणि तासाभरात मनगट भरून येतं.

बांधताना दस्ताने शिरस्त्राणात, शिरस्त्राण ढालीच्या खोलगट बाजूला, भोवती ते ईपीई. छाती आणि पाठ एकात एक, मध्ये जुनी सुती चादर. प्लास्टिक नको, रंगाला चिकटून सोलून काढतं. ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवू नका आणि पुढे टॅक्सीच्या डिकीतही विसरू नका. बंद गाडीच्या तापाने फोम आकार सोडतो आणि गोंदही.

सोबत एसआरची छोटी नळी, सुई-दोरा, दोन जादा क्लिपा, काळा आणि चंदेरी रंग डबीत, स्पंजचा तुकडा आणि फेव्हिक्विक.

---

गोदाकाठची_योद्धी

फेव्हिक्विकने काळ्या रंगावर पांढरा धुरकट डाग पडतो, तो टाळता येतो का?

---

रंगपेटी

तो डाग त्याच्या वाफेचा आहे. थेंब टाचणीच्या टोकाने लावा, नळीतून पिळू नका, आणि तो भाग सुकेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालत राहा म्हणजे वाफ तिथे बसत नाही. पडलाच तर पूर्ण सुकू द्या, ओल्या फडक्याने पुसा आणि स्पंजने काळा टिपून त्यावर चंदेरीचा एक हलका हात. फेव्हिक्विक सुकल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो, म्हणून वाकणाऱ्या जागी तो दिवस निभावण्यापुरताच. घरी आल्यावर तो जोड कापून काढा आणि एसआरने पुन्हा करा.